मायनसचा नियम भरल्या धरणावर ठरवा

प्रति,
उजनी धरणाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

रोज सकाळी माझ्या मोबाईलवर भीमेवरच्या उजनी धरणाचा कागद येतो. पाणीपातळी, एकूण साठा, उपयुक्त साठा, टक्केवारी, दौंडचा विसर्ग (म्हणजे वरून धरणात येणारं पाणी), बाष्पीभवन, आणि मग खाली सोडलेलं पाणी: कालवा, बोगदा, सीना-माढा आणि दहिगाव या उपसा योजना, नदी. कोण कुणाला पाठवतं हे आता सांगता येणार नाही, पण सोलापूर जिल्ह्यात हा कागद वर्तमानपत्राच्या आधी वाचला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तर माणसं एकमेकांना भेटली की आधी "दौंड किती?" असं विचारतात आणि मग घरचं कसं काय ते. पुण्याकडची धरणं भरून वाहू लागली, पुण्यातल्या बंडगार्डनला नदीच्या पाण्याचा आकडा वाढला, दौंडचा वाढला, की इकडे आमचा जीव भांड्यात पडतो. पाऊस पडतो तिकडे मावळात, आणि आम्ही इथे कोरड्या आभाळाखाली बसून त्याचा हिशेब करतो.

मी हे पत्र लिहिते आहे ते या कागदावर जे नसतं त्याबद्दल: उपयुक्त साठा संपून धरण शून्य टक्क्यांच्या खाली, म्हणजे मायनसमध्ये, गेलं की पाणी कसं वाटायचं त्याच्या नियमाबद्दल.

आधी मी कोण ते सांगते. माझं माहेर करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्याच्या, काठावर. सासर सोलापूर शहरात. शहरातच तीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. धाकटी बहीण मोहोळ तालुक्यात दिलेली, तिचं रान कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. भाऊ माहेरीच, पाण्याच्या काठावर शेती करतो. म्हणजे एकाच आईची आम्ही तीन लेकरं एकाच धरणाचं पाणी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पितो. दिवाळीला एकत्र बसलो की उजनीवरून भांडणही होतं. भाऊ म्हणतो, तुम्ही कालव्यानं नेता म्हणून माझी मोटर कोरडी पडते. बहीण म्हणते, पाणी आमच्यापर्यंत पोचतंच कुठे, वरच्यावर मुरतं. आणि दोघंही माझ्याकडे वळून म्हणतात, आक्का, खरं पाणी तुमचं शहर पितं.

म्हणून मी मास्तरणीच्या सवयीनं आकडे मांडून बसले. तुम्हाला ते पाठ असतील. पण हे पत्र उघड आहे, आणि वाचणाऱ्या पुष्कळांना ते माहीत नसतात, म्हणून इथे थोडे देते.

उजनीची भिंत अडीच किलोमीटरहून थोडी जास्त लांब, २५३४ मीटर. उंची ५६ मीटरच्या वर. नदीपात्रात दगडी बांधकाम, दोन्ही अंगांना मातीचा भराव. दगडी भाग पाण्याचा रेटा नुसत्या स्वतःच्या वजनावर तोलून धरतो. रेटा खोलीबरोबर वाढतो, म्हणून भिंत वर निमुळती आणि तळाला रुंद. हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवायचे तेव्हा कुणीतरी हमखास विचारायचं, "मॅडम, मग सगळं पाणी वापरता का येत नाही?" प्रश्न बरोबर होता. नियोजनात पाण्याची एक खालची उंची ठरवलेली आहे. त्या उंचीला, म्हणजे समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटरला, आपण शून्य टक्के म्हणतो. ४९६.८३ मीटरला शंभर. या दोन रेघांच्या मधे जे ५३.५७ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं तो उपयुक्त साठा, आणि शून्याच्या खाली जे ६३.६६ टीएमसी उरतं तो मृतसाठा. एकूण ११७ टीएमसी. म्हणजे धरणातलं निम्म्याहून जास्त पाणी कागदावर 'मृत' आहे.

मृत म्हणजे काय? तर नेहमीच्या नियोजनात न धरलेलं पाणी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. बाकी त्या पाण्यात चिलापी मासा वाढतो, त्यावर भिगवणकडची मच्छीमारी चालते, कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, पंपानं उपसलं तर शहरं पितात आणि शेतं भिजतात. आपला अर्धा जिल्हा उन्हाळ्यात याच 'मृत' पाण्यावर जगतो.

यात आणखी एक गोष्ट मला हिशेब करताना कळली आणि मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. शून्य आणि शंभर यांच्यातलं अंतर फक्त ५.८ मीटर आहे. फार तर तीन पुरुष खोल. त्यात ५३ टीएमसी मावतात, कारण धरण खोल कमी आणि पसरट जास्त. भागून पाहिलं तर त्या पट्ट्यात पाण्याचा पसारा सरासरी अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर येतो. म्हणजे पातळी वीतभर उतरली की जवळपास दोन टीएमसी गेले. चैत्र-वैशाखात आमच्याकडचं ऊन माहीतच आहे. कुणी एक थेंबही उपसला नाही तरी ते ऊन वीतवीत पाणी उचलून नेतं.

आता २०२४ सालचा मे महिना सांगते.

आदल्या वर्षी पाऊस रुसला होता. २०२३ ला धरण भरलंच नाही, उपयुक्त साठा साठ टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबला. जानेवारीतच धरण मायनसमध्ये गेलं. मी मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा मायनस पन्नासच्याही पुढे होतं. भाऊ स्टँडवर घ्यायला आला नाही. पोराला पाठवलं, तो म्हणाला, "आबा चारीवर हायेत."

चारी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाणी मागे हटतं तसा काठावरचा शेतकरी मोटर उचलून पुढे नेतो. पाइप जोडतो, केबल जोडतो. मग चिखल लागतो, त्यात माणूस कमरेपर्यंत रुततो. तेव्हा चार-पाच जण मिळून यंत्र भाड्यानं आणतात आणि गाळातून लांबलचक चर खोदतात, पाण्याला शेताकडे बोलावून आणण्यासाठी. पाणी आणखी मागे गेलं की चारी आणखी लांब. त्या दिवशी भाऊ आणि त्याचे तीन शेजारी आठ दिवसांपासून तिसऱ्यांदा वाढवलेल्या चारीच्या टोकाशी उभे होते. लोखंडी पिंपं बांधून केलेल्या तराफ्यावर मोटर ठेवलेली. पाणी हिरवं, वर साय धरल्यासारखा थर, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला. वरच्या शहरांची घाण आमच्या वाट्याला येते, आणि पाणी जितकं कमी तितकी ती दाट होते. भाऊ म्हणाला, "आक्का, वास येतोय तवर पाणी हाय म्हणायचं."

तिथून मी एकटीच पुढे चालत गेले. आमचं जुनं गाव तिथेच होतं. मी तिसरीत असताना गाव उठलं. वडिलांनी घराच्या तुळया, दारं, खुंट्या, सगळं लाकूड उतरवून बैलगाडीत घातलं आणि नव्या गावठाणात नेलं. दगड मागे राहिले. जमीन भेगाळली होती, भेगांतून शिंपले. इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही ओट्याचा चौथरा जागेवर होता. आणि स्वयंपाकघराच्या फरशीत कोरलेलं आईचं उखळ. ते जमिनीतलं, त्याला हलवता आलं नव्हतं. त्यात गाळ भरला होता. मी बोटांनी उकरून काढला, तळ लागेपर्यंत. हे मी तुम्हाला का सांगते आहे ते मलाही नीट सांगता येत नाही. पण तुमच्या कागदावरच्या एकेका उणे आकड्याला जिल्ह्यात कुठेतरी अशी एकेक जागा उघडी पडत असते. पलसदेवचं देऊळ वर येतं, कुगावचा इनामदारांचा वाडा वर येतो, आणि लोक गाड्या करून बघायला येतात. आम्हाला मात्र ते बघवत नाही.

त्याच महिन्यात, २१ मे रोजी, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. आमच्या भागात त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. धरण झालं आणि हाकेच्या अंतरावरचं पलीकडचं गाव रस्त्यानं कितीतरी लांब झालं, म्हणून माणसं बोटीनं जातात. हा विषय वेगळा आहे, पण त्या काठावरून लिहिताना तो वगळून पुढे जाणं मला जमलं नाही.

भावाचं नुकसान मायनसनं झालं असं मी म्हणणार नाही. पाऊस कमी होता, त्याला कुणी काय करणार. नुकसान झालं ते न कळल्यानं. डिसेंबरात कारखान्याची तोड येऊन गेली, आणि त्याच्यापुढे प्रश्न होता: खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवायचा की मोडायचा? मोडला असता तर ज्वारी नाहीतर हरभरा उशिरा का होईना टाकता आला असता, निदान कडबा झाला असता. त्याने चार जणांना विचारलं. एक म्हणाला, पाणी मार्चपर्यंत पुरेल. दुसरा म्हणाला, सोडणारच नाहीत, राखून ठेवतील. तिसऱ्यानं सांगितलं की वरच्या धरणातून आणणार आहेत. त्याने खोडवा ठेवला. खत घातलं. चारीला, पाइपला, केबलला पैसे घातले. मेअखेरीस तो ऊस वाळायला लागला तेव्हा जनावरांच्या चाऱ्याला तोडून दिला. जूनच्या सुरुवातीला धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ जाऊन टेकलं.

माझं म्हणणं इथून सुरू होतं.

तुमच्या कागदावर हिशेब आहे, अंदाजपत्रक नाही. काल किती गेलं ते रोज कळतं, पण कुठे जाऊन थांबायचं ठरलं आहे ते कळत नाही. १५ ऑक्टोबरचा साठा धरून रब्बीचं नियोजन होतं, बैठक होते, पाळ्या जाहीर होतात. कालव्याला कधी सुटणार, किती दिवस चालणार, हे सगळं शून्याच्या वरचं. शून्याच्या खाली काय करायचं यावर मात्र आधी बोललं जात नाही. तिथे पोचलो की मग निवेदनं, मोर्चे, रास्ता रोको, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे चार दिवस जास्त पाणी. जणू मायनस हा दर वेळचा अपघात आहे. पावसाने ओढ दिलेल्या प्रत्येक वर्षी उजनी मायनसमध्ये जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तेव्हा नियम करा. आणि तो धरण भरलेलं असताना करा. २०२४ ला धरण भरलं, २०२५ ला भरलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर सीनेला असा पूर आला की माढा, मोहोळ, करमाळ्यातली घरं आणि उभी पिकं वाहून गेली. अशा वर्षी दुष्काळाच्या नियमाची गोष्ट काढणं विचित्र वाटेल, पण हीच वेळ आहे. पाणी भरपूर असतं तेव्हा माणूस शेजाऱ्याचं ऐकून घेतो. मायनस तीसला कुणी कुणाचं ऐकत नाही, माझा भाऊसुद्धा नाही.

नियमात काय असावं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ठरवाल, पण माझ्या मनातलं सांगते. आधी खालचा आकडा ठरवावा. उजनीत नवं पाणी खऱ्या अर्थानं यायला जुलैचा शेवट उजाडतो, कारण वरची धरणं आधी भरतात. म्हणजे १५ ऑगस्टपर्यंत पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, ऊन किती नेईल, गाळामुळे हाती न येणारं किती, हे धरून 'याच्या खाली जायचं नाही' अशी एक रेघ ऑक्टोबरातच जाहीर करावी. मग वरून खाली येताना कोणतं पाणी कुठल्या आकड्याला बंद होणार तेही त्याच दिवशी सांगावं. माझ्या मते पहिला मान उसाने सोडावा. भावाचा ऊस त्यात आला तरी. त्यानंतर फळबागा आणि चारा जगवण्यापुरतं. माणसाचं आणि जनावराचं पिण्याचं शेवटपर्यंत. यावर वाद होईल, होऊ द्या, पण तो ऑक्टोबरात होऊ द्या.

कागदावर आणखी एक रकाना नाही: काठावरच्या मोटरींचा. फुगवट्याच्या दोन्ही अंगांना हजारो मोटरी आहेत आणि त्या किती उपसतात याचं माप रोजच्या हिशेबात येत नाही. माझ्या भावाला हे लिहिलेलं आवडणार नाही. पण ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना काठावरचं पाणी हक्कानं मिळावं असं वाटत असेल, तर तो हक्क मोजून लिहिला गेला पाहिजे. न मोजलेलं पाणी टंचाईत सगळ्यांत आधी चोरीचं ठरतं, आणि धरणग्रस्ताला आपल्याच बुडालेल्या रानावर चोर म्हणून घ्यावं लागतं.

आता शहराचं. पाणी येण्याच्या रात्री आमच्या गल्लीत कुणी गाढ झोपत नाही. चावीवाला कधी येईल याचा नेम नाही. चार-पाच दिवसांआड पाणी भरणाऱ्या बायकांना 'शहर सगळं पाणी पितं' हे ऐकवायला मला लाज वाटते. दहा लाख लोक धरा, माणशी रोज १३५ लिटर धरा. वर्षाचं गणित पावणेदोन टीएमसीच्या आसपास येतं. अख्ख्या वर्षाचं. आणि शहरासाठी म्हणून भीमेत पाणी सोडलं की ते पात्रातून वाहत सोलापूरजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत पोचवायला एका पाळीलाच पाच-सहा टीएमसी खर्ची पडायचे. वाटेत वाळू पिते, ऊन पितं, बंधारे भरतात, काठावरची शेती भिजते, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या पिण्याच्या योजना चालतात. यातलं बरंचसं रास्तच आहे. नदीकाठच्या माणसालाही पाणी हवं, वारीच्या वेळी चंद्रभागेत पाणी हवं. मग त्या रकान्यात 'सोलापूर शहर' लिहू नका, जे आहे ते लिहा. धरणापासून शहरापर्यंत ११० किलोमीटरची जलवाहिनी आहे, तिच्या जोडीला रोज १७० दशलक्ष लिटर (एमएलडी) क्षमतेची समांतर जलवाहिनी टाकली गेली. शहराचं पाणी नळीतून मोजून येणार असेल तर नदीच्या पाळीचा हिशेब नदीच्या नावावर मांडा. निदान दिवाळीला माझ्यावरचा आरोप तरी जाईल.

बहिणीचं एकच मागणं आहे: पाळी सुटल्याची तारीख नको, टेलला पाणी पोचल्याची तारीख छापा.

शेवटची सूचना खर्चाची नाही. फुगवट्याकाठच्या प्रत्येक गावात, उतरत्या काठावर, ओळीनं दगड रोवा आणि त्यावर पातळी कोरा. ४९६, ४९५, ४९४, असं खाली शून्याच्या रेघेपर्यंत आणि तिच्याही खाली. जमेल तिथे देवळाच्या पायऱ्यांवरच रंगवा. मीटर आणि टक्के काठावरच्या माणसाला मोबाईलवर कळतात, पण आपल्या बांधापासून पाणी किती लांब जाणार ते त्यातून दिसत नाही. दगड असले की तुम्ही ऑक्टोबरात म्हणाल 'यंदा एप्रिलअखेर ४९० पर्यंत', आणि तो काठावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघेल की तिथून आपल्या मोटरीला किती पाइप लागणार. मग खोडवा ठेवायचा की मोडायचा हे त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.

माझा भाऊ दसरा झाला की उसाचं बेणं सांगून ठेवतो. त्याच्या आत आकडा कळवा.

आपली,
भीमाकाठची एक लेक,
सोलापूर